प्रकाशाची गळती



प्रकाशाविषयी कोल्हापुरात बोलावयाचे म्हणजे प्रथम अंबाबाईच्या देवळाकडे वळावे लागते. वर्षातून दोन वेळा, नोव्हेंबरात ९, १० व ११ तारखेला आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरतात, गरुडमंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा हा किरणोत्सवाचा क्रम आपणां सर्वांस ठाऊक आहे. अलीकडच्या वर्षांत मात्र एक चुटपुट लागते. कित्येकदा किरणे कमरेपर्यंत येतात आणि तेथेच फिकी होऊन नाहीशी होतात. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, वाटेत इमारती आल्या. कोणी म्हणतो, आभाळ आले होते. कोणी हवेतील धुळीला आणि धुरकटपणाला दोष देतो. प्रकाशमापक यंत्रे घेऊन आमच्या व्यवसायातील मंडळी तेथे उभी राहतात आणि प्रत्येक टप्प्यावर प्रकाश किती उरला हे मोजतात.

या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. इमारतीचा कोपरा आडवा आला म्हणजे प्रकाश अडतो. हवेत धूळ व दमटपणा असला म्हणजे तो अडत नाही, विरतो. अडलेल्या प्रकाशासाठी अडथळा दूर करावा लागतो; विरणाऱ्या प्रकाशासाठी ज्या माध्यमातून तो चालला आहे ते माध्यमच सुधारावे लागते. आमचा आजचा विषय देवळाहून फार लहान आहे, एक मिलिमीटर जाडीचा आहे; परंतु त्यातही हाच प्रश्न आहे, आणि दोन्ही प्रकारच्या हानींची गल्लत करून आम्ही स्वतः एकदा कसे फसलो, तेही पुढे सांगावयाचे आहे.

ही पाहा, आमच्या हातात प्लॅस्टिकच्या प्रकाशतंतूची एक वेटोळी आहे. लांबून मासे धरण्याच्या गळाची दोरी वाटेल. आतला गाभा पॉलिमेथिल मेथाक्रिलेटचा, म्हणजे आपण ज्याला अ‍ॅक्रिलिक म्हणतो आणि ज्याच्या दुकानांवरच्या पाट्या करतात त्याच जातीचा आहे. त्याभोवती फ्लोरीनयुक्त प्लॅस्टिकचे अगदी पातळ आवरण आहे. गाभ्याचा वक्रीभवनांक सुमारे १.४९ आणि आवरणाचा सुमारे १.४०. या दोन आकड्यांतील फरकातच सारे मर्म आहे. आतून चाललेला किरण कडेवर फार तिरका आदळला की बाहेर न जाता पूर्णपणे आत परततो, पुन्हा समोरच्या कडेवर आदळतो, पुन्हा परततो, आणि अशा हजारो धडका घेत दुसऱ्या टोकाला निघतो. पाण्याच्या धारेतून प्रकाश असा वाकवून नेता येतो हे जिनिव्हाच्या कोलादोंने १८४० नंतरच्या काही वर्षांत दाखविले, पुढे लंडनमध्ये टिंडॉलने ते लोकप्रिय केले. काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पाठविण्याचे काम १९५४ साली हॉपकिन्स आणि त्यांचे शिष्य नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये केले. हे कपानी मूळचे पंजाबातील मोगा गावचे. या शास्त्राचे नावदेखील त्यांनीच रूढ केले.

आता एक हिशेबाची गोष्ट. ती टाळून पुढे जाता येणार नाही, म्हणून थोडा धीर धरावा. प्रकाशाची हानी डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल हानी झाली म्हणजे निम्मा प्रकाश गेला. दहा डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा उरला. वीस डेसिबल म्हणजे शंभरावा. पूर्वी गावोगावी जकातनाके असत. समजा, एखादा गवळी कासंडीभर दूध घेऊन निघाला आणि प्रत्येक नाक्यावर त्याच्याजवळ असेल त्याच्या निम्मे दूध काढून घेऊ लागले, तर त्याच्या दुधाचे जे होईल तेच तंतूतील प्रकाशाचे होते. प्रश्न एवढाच की दोन नाक्यांतील अंतर किती? आमच्या हातातील या प्लॅस्टिकमध्ये, तांबड्या प्रकाशासाठी, हानी किलोमीटरला सुमारे १५० डेसिबल आहे. म्हणजे वीस मीटरवर एक नाका. किलोमीटरभर जावयाचे तर पन्नास नाके, आणि पन्नास वेळा निम्मे करीत गेल्यावर उरणारा अंश म्हणजे एकावर पंधरा शून्ये लिहून त्याने भागलेला एक. गवळ्याची कासंडी कोरडी झाली असेच समजा.

याउलट ज्या काचेच्या तंतूंवरून आपले दूरध्वनी आणि इंटरनेट चालते, त्यांत हानी किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास आहे. तेथे पहिला नाका पंधरा किलोमीटरवर लागतो. रंकाळ्याच्या काठावरून निघालेला प्रकाश जवळजवळ जोतिबाच्या डोंगरापाशी जाईल तेव्हा कोठे निम्मा होईल. हे मुळात असे नव्हते. १९६६ साली चार्ल्स काओ आणि हॉकहॅम यांनी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा उपलब्ध काचेत हानी किलोमीटरला हजार डेसिबलच्या घरात होती. ही हानी काचेच्या स्वभावात नाही, तिच्यातील अशुद्धतेत आहे; शुद्ध कराल तर वीसपर्यंत उतरेल, असे काओंनी सांगितले. चार वर्षांतच, १९७० साली, अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मंडळींनी ते करून दाखविले. काओंना नोबेल पारितोषिक मिळाले २००९ साली. आपल्या महाराष्ट्रातही औरंगाबादजवळ, आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज आणि शेंद्रा येथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत, आणि तेथे काचेचा दांडा तापवून केसासारखा तंतू ओढतात.

मग प्लॅस्टिकची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. आम्हांसही विद्यार्थी हेच विचारीत. उत्तर असे की काचेच्या लांब पल्ल्याच्या तंतूचा गाभा मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग असतो; तो जोडावयास कुशल माणूस आणि महागडे यंत्र लागते. प्लॅस्टिकचा गाभा एक मिलिमीटर. तो दाढीच्या पात्याने कापता येतो, बोटांनी खोबणीत बसविता येतो, साध्या तांबड्या एलईडीचा प्रकाश त्यात सहज शिरतो, आणि तो वाकतो पण मोडत नाही. म्हणून ज्या ठिकाणी अंतर दहावीस मीटरचे आहे आणि भोवती विजेचा गोंगाट आहे, तेथे त्याचे राज्य आहे. मोटारगाडीच्या आत संगीत व संदेश वाहून नेण्यासाठी तो २००१ पासून वापरात आला. आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या ज्या ओतकामाच्या कारखान्यांवर कोल्हापूरचा संसार चालतो, त्यांच्यासारख्या कारखान्यांतील विजेच्या मोठ्या पॅनेलांत तो पुष्कळदा आढळतो. भट्टीला शेकडो किलोवॉट वीज देणाऱ्या त्या स्विचना नेमक्या क्षणी हुकूम पोचवावयाचा तर तांब्याच्या तारेवर भरवसा ठेवता येत नाही; भट्टीचेच चुंबकीय वादळ तारेत खोटा हुकूम निर्माण करते. प्रकाशाला त्या वादळाचा स्पर्श होत नाही.

तर आता मूळ प्रश्न. प्रकाश जातो कोठे?

पहिले कारण समजून घेण्यासाठी कोल्हापूरकरांना फार दूर जावे लागणार नाही. मिरजेचा तंबोरा मांडीवर घ्या आणि खर्जाची तार छेडा. आपण छेडली ती एकच तार, परंतु जरा कान दिला की तिच्यातून वरचा गंधार उमटताना ऐकू येतो. हा गंधार कोणी लावलेला नाही. खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा तो स्वयंभू स्वर आहे. ज्या गावात देवल क्लबात बैठकी झाल्या आणि अल्लादियाखाँसाहेब राहिले, त्या गावात हे अधिक खुलासेवार सांगावयास नको. प्लॅस्टिकच्या रेणूत कार्बन आणि हायड्रोजन यांची जी जोडी असते, तीही एक ताणलेली तारच आहे. तिचा खर्ज अवरक्त प्रकाशात, सुमारे ३.४ मायक्रॉन तरंगलांबीवर आहे, डोळ्यांना न दिसणारा. परंतु त्या खर्जाचे वरचे स्वर थेट दृश्य प्रकाशात येऊन पोचतात. पाचव्या पटीचा स्वर ७३६ नॅनोमीटरजवळ आणि सहाव्या पटीचा ६२७ जवळ, म्हणजे ऐन तांबड्यात. (तंबोऱ्यासारखे हे स्वर सुरेल नसतात, वर चढताना थोडेथोडे उतरतात. म्हणून साध्या भागाकाराने हे आकडे येत नाहीत.) त्या त्या रंगाचा प्रकाश आला की ही जोडी डोलू लागते आणि प्रकाश गिळून त्याची उष्णता करते. आणि अ‍ॅक्रिलिकच्या प्रत्येक घटकात हायड्रोजनचे आठ अणू आहेत, म्हणजे तंबोरे कोट्यवधी आणि सारे जुळलेले! ६५० नॅनोमीटरचा जो तांबडा प्रकाश आपण वापरतो तो या दोन स्वरांच्या मधल्या फटीतून कसाबसा निसटतो. हिरव्या-पिवळ्या रंगात, ५७० च्या आसपास, वाट जास्त मोकळी आहे.

यावर उपाय काय? तार जड करावी. जाड तारेचा स्वर खाली जातो, हे तंबोरा करणाराही सांगेल. हायड्रोजनच्या जागी त्याचाच दुप्पट वजनाचा भाऊ ड्यूटेरियम बसविला की खर्ज ४.५ मायक्रॉनजवळ जातो. मग तांबड्या प्रकाशापर्यंत पोचावयास सहाव्या नव्हे, सातव्या-आठव्या पायरीपर्यंत चढावे लागते. आणि प्रत्येक पायरीला स्वराचा जोर जवळजवळ दहापट कमी होत असल्यामुळे तेथपर्यंत तो नगण्य होतो. जपानमध्ये काइनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली असा ड्यूटेरियमचा तंतू करून किलोमीटरला वीस डेसिबलपर्यंत हानी खाली आणली. ड्यूटेरियम मिळते जड पाण्यापासून, आणि जड पाण्याच्या बाबतीत आपला देश मुळीच दरिद्री नाही. रायगड जिल्ह्यात थळ येथे जड पाण्याचा मोठा कारखाना १९८७ पासून आहे. तेव्हा येथेच का नाही, असे स्वप्न आम्हीही काही काळ पाहिले.

पुढे ते स्वप्न आम्ही सोडले, आणि त्याचे कारण केवळ खर्च नव्हे. अ‍ॅक्रिलिक हे तहानलेले प्लॅस्टिक आहे. पावसाळ्यात आपल्याकडे भिंती ओल धरतात तसे तेही हवेतील ओल धरते. वजनाच्या सुमारे दोन टक्क्यांपर्यंत पाणी ते पिऊ शकते. आणि पाणी म्हणजे पुन्हा हायड्रोजनच, तोही ऑक्सिजनला बांधलेला, त्याचे स्वर निराळे आणि जोरकस. म्हणजे पुढच्या दाराने हायड्रोजनला घालवावे आणि मागच्या दाराने त्याने ओल होऊन आत यावे. जपानी संशोधकांनाही हाच अनुभव आला. शेवटी जगाने ड्यूटेरियम सोडून फ्लोरीन धरले. फ्लोरीन एकोणीसपट जड. त्याच्या जोडीचा खर्ज आठ मायक्रॉनच्या आसपास, आणि त्याला पाण्याचा तिटकारा. टोकियोच्या केइओ विद्यापीठातील प्रा. कोइके आणि आसाही ग्लास कंपनी यांच्या प्रयत्नांतून असे तंतू २००० च्या सुमारास बाजारात आले. त्यांत हानी किलोमीटरला दहावीस डेसिबल. किंमत मात्र ऐकूनच हात मागे घ्यावा अशी.

दुसरे कारण आकाश निळे का, याचेच आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान अशी जी कमीजास्त दाटी माध्यमात असते, ती प्रकाशाला चहूकडे उधळते, आणि निळ्याला तांबड्यापेक्षा पुष्कळच अधिक. हा नियम रॅलेने १८७१ मध्ये मांडला. समुद्राचा निळेपणा हा नुसते आकाशाचे प्रतिबिंब नव्हे, हे १९२१ च्या समुद्रप्रवासानंतर रामन यांनी दाखविले. कोल्हापुरात हे प्रकीर्णन प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर शिवाजी विद्यापीठातील पदार्थविज्ञान विभागात तयार झालेला एरोजेलचा एखादा तुकडा पाहावा. प्रा. ए. व्यंकटेश्वर राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तेथे अनेक वर्षे सिलिकाच्या एरोजेलवर काम केले. नव्वद टक्क्यांहून अधिक हवा आणि उरलेली काच, असा हा पदार्थ. काळ्या कापडावर ठेवला तर निळसर धुरासारखा दिसतो, आणि त्यातून दिव्याकडे पाहिले तर दिवा पिवळट दिसतो. आतील छिद्रे बारीक व एकसारखी ठेवता आली तर तुकडा पारदर्शक होतो, मोठी झाली तर दुधाळ. द्रावण किती सावकाश जमू द्यावे, किती काळ मुरवावे, यावर तो सारा खेळ.

प्लॅस्टिकच्या तंतूतही खेळ तोच आहे. द्रवरूप मोनोमरचे घट्ट बहुवारिक होताना ते आकसते, घनफळात पाचव्या हिश्शाइतके. हे आकसणे सर्वत्र एकसारखे झाले नाही तर आत ताण राहतात आणि दाटीचे ढग गोठून बसतात. डोळ्यांस काही दिसत नाही, परंतु प्रकाशाला ते दिसतात. कोइके यांच्या मंडळींनी १९९० च्या आगेमागे असे दाखविले की हेच काम अ‍ॅक्रिलिक जेथे मऊ पडू लागते त्या तापमानाच्या, म्हणजे साधारण १०५ अंशांच्या वर केले, किंवा तयार झालेला दांडा त्या तापमानावर पुरेसा वेळ ठेवला, तर हे ढग विरघळतात आणि प्रकीर्णनाची हानी किलोमीटरला दहा ते पंधरा डेसिबलपर्यंत खाली येते. आम्हांला या शोधाचे फार कौतुक वाटते. येथे महाग पदार्थ नाही, दुर्मीळ मूलद्रव्य नाही. एक चांगली भट्टी, एक विश्वासू तापमापक आणि घाई न करणारा माणूस, एवढेच भांडवल. आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठाने हात घालावा असे काही या विषयात असेल तर ते हे आहे, असे आमचे मत आहे.

तिसरे कारण मळ. याविषयी करवीरच्या श्रोत्यांना आम्ही काय सांगावे? गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळू लागला की गुळव्या भेंडीचे चिकट पाणी घालतो, मळी वर येते आणि तो ती झाऱ्याने काढीत राहतो. ज्याने मळी काढण्यात कंटाळा केला त्याचा गूळ काळा पडला. आम्ही लहानपणी एका गुळव्याला विचारले होते, "काका, मळी किती काढायची?" तो म्हणाला, "रस सांगंल तवर." प्लॅस्टिकच्या तंतूचा इतिहास बराचसा या मळीचाच आहे. अमेरिकेत ड्यू पॉन्टने १९६० नंतरच्या दशकात पहिले तंतू काढले, त्यांत हानी किलोमीटरला हजार डेसिबलच्या घरात होती. लोखंड, तांबे, कोबाल्ट यांचे अब्जांशातले कण, धुळीचे रज, सूक्ष्म बुडबुडे, आणि न जुळलेला मोनोमर ही सारी मळी. काइनो यांनी काय केले, तर मोनोमर निर्वात नळ्यांतून ऊर्ध्वपातन करून थेट भांड्यात आणला, त्याच बंद भांड्यात त्याचे बहुवारिक केले आणि तेथूनच तंतू ओढला. मधे कोठेही त्याला बाहेरची हवा लागू दिली नाही. त्यामुळे साध्या अ‍ॅक्रिलिकमध्येही, ड्यूटेरियमशिवाय, हिरव्या-पिवळ्या प्रकाशात हानी किलोमीटरला ५५ डेसिबलपर्यंत आली. हजारावरून पंचावन्नावर! आणि यातले जवळजवळ सारे श्रेय स्वच्छतेचे.

येथवरची सारी हानी माध्यमाची झाली. आता अडथळ्याची गोष्ट, आणि तीच आम्हांला मनापासून सांगावयाची आहे.

आम्ही बरीच वर्षे विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञानाचे प्रयोग शिकविले. त्यांत प्रकाशतंतूचा एक प्रयोग असे. आजही ठिकठिकाणी आहे. एक पेटी, तीत तांबडी एलईडी, दुसऱ्या बाजूस प्रकाशमापक, आणि बरोबर तंतूचे दोन तुकडे, एक मीटरचा आणि पाच मीटरचा. आखूड तुकडा लावून आकडा घ्यावयाचा, लांब लावून आकडा घ्यावयाचा, दोहोंतील फरकाला चार मीटरने भागावयाचे, की मीटरला किती हानी ते आले. वर्षानुवर्षे सर्वांचे उत्तर जवळजवळ सारखे येई. ते का सारखे येई याचा विचार आम्ही केला नाही. जुन्या वह्या नव्या मुलांकडे जातात हे काय शिक्षकाला ठाऊक नसते?

एके वर्षी एका मुलीचे उत्तर उलटे आले. लांब तुकड्यातून आखूड तुकड्यापेक्षा जास्त प्रकाश! आम्ही म्हणालो, "पुन्हा कर." तिने पुन्हा केले. पुन्हा तेच. आम्ही म्हणालो, "कुठेतरी चुकतेस. बाकीच्यांचे बघ." ती हळूच म्हणाली, "सर, पण मला जे दिसलं तेच लिहू ना?" तास संपत आला होता. आम्ही तिच्या वहीत तांबड्या शाईने फुली मारली आणि 'अशक्य' असा शेरा लिहिला. तिने खाली मान घालून वही उचलली आणि ती गेली.

या गोष्टीला बरीच वर्षे लोटली. मध्यंतरी एका ओतकामाच्या कारखान्यातील ओळखीच्या माणसाने आम्हांला बोलाविले. भट्टीचे पॅनेल मधूनमधून बंद पडत होते. तीन वेळा कार्डे बदलून झाली होती. आम्ही गेलो आणि पॅनेलमधील प्रकाशतंतू उपसून त्याचे टोक भिंगाखाली धरले. कोणीतरी ते पक्कडने तोडले होते. टोक ओबडधोबड, मध्ये चीर गेलेली, आणि वर तेल व लोखंडाच्या भुकटीचा थर. तंतूची लांबी पुरती चार मीटरदेखील नव्हती. चार मीटरमध्ये प्लॅस्टिकने गिळलेला प्रकाश अर्ध्याहून थोडा जास्त डेसिबल, म्हणजे शंभरातला तेराएक; आणि त्या एका टोकाने त्याच्या कितीतरी पट खाल्ला होता. नवे पाते घेऊन टोक सरळ कापले, बारीक पॉलिश कागदावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवीत घासले, पुसले, बसविले. पॅनेल चालू झाले. उकळत्या लोखंडाजवळ उभ्या असलेल्या माणसांच्या दृष्टीने भट्टी ऐन वेळी थांबणे किंवा न थांबणे ही काय गोष्ट आहे, ते येथे बसलेल्यांपैकी अनेकांना आमच्यापेक्षा अधिक कळते.

त्या रात्री घरी येताना आम्हांला ती वही आठवली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन पेटीतील दोन्ही तुकड्यांची टोके भिंगाखाली पाहिली. एक मीटरचा तुकडा हजारो वेळा खोबणीत घातला-काढला गेला होता. त्याची दोन्ही टोके खरवडून दुधाळ झाली होती. पाच मीटरचा क्वचित वापरला जाई, तो जवळजवळ नवा होता. म्हणजे त्या मुलीला जे दिसले ते अगदी बरोबर होते. चार मीटरची हानी तिच्या यंत्राला दिसणे शक्यच नव्हते. टोकांतील फरक तिच्याहून मोठा होता. तिने तंतू मोजला नव्हता, टोके मोजली होती, आणि आम्ही तिला अशक्य म्हणालो. बाकीच्या मुलांनी तर काहीच मोजले नव्हते, आणि त्यांना आम्ही पूर्ण गुण दिले.

मग खरे मोजावयाचे कसे? तुकडे दोन घेऊ नयेत. एकच लांब तंतू घ्यावा, पन्नास मीटरचा. दिव्याकडचे टोक एकदा बसविले की त्याला पुन्हा हात लावू नये. शेवटचा प्रकाश मोजावा, मग दिव्यापासून दोनतीन मीटरवर तंतू कापून टाकावा, नवे टोक तितक्याच काळजीने घासून पुन्हा मोजावे. दिव्याच्या बाजूची जी काही हानी असेल ती दोन्ही वेळा सारखीच, म्हणून ती वजाबाकीत निघून जाते. उरते ती तंतूची. सुरुवातीचे दोनतीन मीटर ठेवावयाचे, कारण फार तिरपे चाललेले किरण पहिल्या काही मीटरांत झपाट्याने गळतात आणि ती गळती साऱ्या लांबीच्या माथी मारणे न्यायाचे नाही. आम्ही असे केले तेव्हा आकडा कारखानदाराच्या पत्रकातील आकड्याच्या जवळ आला. त्यात पन्नास मीटर तंतू खर्ची पडतो, ही अडचण खरी. प्रयोगशाळेचे वार्षिक अनुदान ठाऊक असलेल्यांना ती सांगावयास नको.

टोक कितीही गुळगुळीत केले तरी एक पट्टी द्यावीच लागते. हवेतून प्लॅस्टिकमध्ये शिरताना शेकडा चार प्रकाश उलट फिरतो, बाहेर पडताना पुन्हा चार. मधे योग्य वक्रीभवनांकाचे तेल किंवा जेल भरले तर तेवढेही वाचते, परंतु कारखान्याच्या धुळीत ते तेल मळ गोळा करते. तेथे आम्ही कोरडे, स्वच्छ टोकच पसंत करू. वळणाचेही तसेच. तंतू चहाच्या बशीच्या काठाएवढा वळला तर काही बिघडत नाही. अंगठीएवढा वळविला तर बाहेरच्या कडेवर किरण पुरेसे तिरपे आदळत नाहीत आणि आवरण फोडून बाहेर पडतात. अंधारात असे वळण तांबडे चमकताना दिसते. गळती डोळ्यांना दिसावी अशी सोय निसर्गाने सहसा केलेली नसते. येथे केली आहे. आणि तंतू भट्टीच्या अंगाला चिकटवून नेऊ नये. सत्तर-ऐंशी अंशांपुढे तो कुरकुरू लागतो.

त्या मुलीचा पत्ता आम्हांला मिळाला नाही. पुढच्या वर्षापासून त्या प्रयोगाच्या पहिल्या तासाला मुलांना मापक न देता नुसते भिंग देण्याची पद्धत आम्ही सुरू केली, आणि टोकाचे चित्र वहीत काढल्याशिवाय आकडा लिहावयाचा नाही असे ठरविले. उत्तरे सारखी येईनाशी झाली.

आता शेवटी, व्यवस्थापकांची परवानगी आहे, तर एक गंमत पाहू या. ही वेटोळी पन्नास मीटरची आहे. एका टोकाशी आम्ही साधी पांढरी विजेरी धरणार आहोत. दुसरे टोक पहिल्या रांगेतील या मुलाच्या हातात देतो. बाळ, नीट धर, वाकवू नकोस. पांढऱ्या प्रकाशात सारे रंग आहेत हे तू शाळेत शिकला असशील. वाटेत ते तंबोरे आपला तांबडा स्वर गिळणार, आणि प्रकीर्णन थोडा निळा उधळणार. कृपा करून सभागृहातील दिवे मालवावेत.

हं. आता सांग, बाळ, कोणता रंग दिसतो? मोठ्याने सांग, मागे ऐकू जाऊ दे. हिरवट? बरोबर. तुला दिसला तोच सांगितलास.